गाडीवाटेवरची मागची सीट

गेल्या वर्षी कार्तिक लागला त्या सुमाराची गोष्ट. माझा भाचा संध्याकाळी पेणच्या घरी आला आणि चहा पिता पिता म्हणाला, "मामा, तुम्ही जुन्या कागदांत डोकं घालून बसता, तर मला एक सांगा. कोणती गाडी घेऊ?"

भाचा राहतो पेणला, नोकरी रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत. रोज जाऊन-येऊन ऐंशीएक किलोमीटर होतात. शिवाय त्याची वडिलार्जित जमीन मेढ्याच्या अंगाला आहे. भात निघालं की तिथे वाल टाकतात, म्हणजे मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत आठवड्यातून एक-दोनदा शेतावर जाणं आलंच. मागच्या सीटवर त्याची आई, म्हणजे माझी ताई. तिची कंबर दुखते, पण वालाच्या शेतावर गेल्याशिवाय तिला राहवत नाही. थोडक्यात, रोज बसायला आरामाची आणि थंडीत बिनरस्त्याची वाट काढणारी, अशी एकच गाडी त्याला हवी होती. त्याने फोनवर दहा-बारा गाड्यांचे तक्ते दाखवले. मी म्हटलं, आठ दिवस दे.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. वीसएक वर्षं झेरॉक्सचं दुकान चालवलं. लोक सातबारा, फेरफार, गावनकाशे, कोर्टाचे निकाल घेऊन येत आणि यंत्र चालू असताना मी ते वाचत असे. माझं विद्यापीठ एवढंच. पेणला जिल्ह्याचं परिवहन कार्यालय, एमएच-०६ हा नंबर इथला, त्यामुळे गाड्यांचे कागदही हातांखालून पुष्कळ गेले. भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना लक्षात आलं की हा प्रश्न त्याचा एकट्याचा नाही. या दोन तालुक्यांत तो निदान दीडशे वर्षं विचारला जातो आहे, फक्त गाडीचं नाव बदलत गेलं.

आधी थंडीचं बघू. परदेशी जाहिरातींत थंडीतली गाडी म्हणजे बर्फ. आपल्याकडची थंडी म्हणजे वाट उघडण्याचा ऋतू. आषाढ-श्रावणात खाचरं पाण्याखाली असतात, वाट ही गोष्टच नसते. भातं कापून झोडणी झाली की बांध ठिकठिकाणी फोडतात आणि मोकळ्या खाचरांतून गाडीवाट पडते. इंग्रजी अमदानीत सरकारी दप्तरांत रस्त्यांचे सरळ दोन वर्ग असत, बारमाही आणि उघडिपीतले. कलेक्टर, प्रांत, मामलेदार यांचे दौरेही त्यामुळे पाऊस सरल्यावर निघत. तंबू, दप्तरं, भांडीकुंडी गाड्यांवर लादलेली आणि साहेब घोड्यावर.

पण उघडीप झाली म्हणजे जमीन सुकली असं नाही. पेणच्या पश्चिमेला धरमतरच्या खाडीकडे खारजमिनी आहेत. समुद्राला बांध घालून शिलोत्र्यांच्या काळापासून ही शेती कमावलेली. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली मुंबई राज्याने खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदा केला, १९७९ साली महाराष्ट्राने नवा केला, इतकं हे प्रकरण नाजूक. पौषातही या मातीला वर तडे गेलेले दिसतात आणि पपडीखाली लोणी असतं. बैलगाडीचं अरुंद लोखंडी धावेचं चाक त्यात सुरीसारखं उतरे. डनलॉपच्या रबरी चाकांच्या गाड्या आल्या तेव्हा बैलांचे हाल थोडे कमी झाले. चाक रुंद झालं की वजन पसरतं आणि पपडी टिकते. आजही खाजणात गाडी घालण्याआधी जाणता माणूस टायरमधली हवा उतरवतो, त्याचं कारण हेच.

रोह्याकडचा प्रकार वेगळा. कुंडलिकेच्या काठची माती, मग मुरूम, मग अवचितगडाकडे चढत जाणारा कातळ. तिथे रुतण्याचं भय कमी आणि पोट घासण्याचं जास्त. म्हणजे पेण आणि रोहा यांना मिळून एक गाडी निवडायची तर तिला चिखलातही चालायचं आणि दगडावरही. आणि मधल्या महामार्गावरही! पनवेल ते इंदापूर या चौऱ्याऐंशी किलोमीटरच्या रुंदीकरणाला २०११ साली हात लागला. त्यानंतरच्या दहा-बारा पावसाळ्यांत आम्ही असे खड्डे पाहिले की शेतातली गाडीवाट बरी म्हणावी. राष्ट्रीय महामार्गावर पावसाळ्यात बिनरस्त्याचा अनुभव आणि गाडीवाटेवर थंडीत रस्त्याचा, असा आमचा उलटा संसार.

आता आरामाचं. बैलगाडीला कमानी नसत. कोकणातली पहिली कमान म्हणजे पेंढा. लेकुरवाळी बाई, म्हातारं माणूस किंवा आजारी कोणी गाडीत असलं की खाली हातभर पेंढा, त्यावर गोधडी. ज्यांना परवडे त्यांचा आराम भोयांच्या खांद्यावर, मेण्यात. आणि ज्यांना काहीच परवडत नसे त्यांच्यासाठी बांबूला बांधलेली झोळी. डोंगरातल्या कातकरी-ठाकरांच्या काही वाड्यांवरून आजही आजारी माणूस झोळीतून खाली आणावा लागतो, ही बातमी दर पावसाळ्यात छापून येते. एकाच जिल्ह्यात एकाच वेळी मेणा, पेंढा आणि झोळी, हे विसरून गाड्यांचा इतिहास लिहिता येत नाही.

जीप या चित्रात युद्धामुळे आली. १९४० साली अमेरिकेत बॅन्टम कंपनीने पहिला नमुना बनवला आणि पुढे विलिस व फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या काढल्या. विलिसची युद्धातली जीप म्हणजे साठ अश्वशक्तीचं इंजिन, सुमारे अकराशे किलो वजन आणि रुंदी १५७५ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम सव्वापाच फूट. पुढच्या-मागच्या चाकांत अंतर ऐंशी इंच. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील. मुंबईत १९४५ साली महिंद्र अँड महंमद ही कंपनी निघाली. गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं. १९४९ साली माझगावात सुट्या भागांतून पहिली विलिस जीप जुळवली गेली. माझगाव म्हणजे आमच्यापासून खाडीपलीकडे. धरमतरच्या खाडीतून आगबोटीने मुंबई गाठणाऱ्या माणसांना ते बंदर परकं नव्हतं.

इथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९५३ साली केंद्र सरकारने जकात आयोगाच्या अहवालानंतर ठरवलं की नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांना थारा नाही, भाग इथे बनवायचा कार्यक्रम ज्यांच्याकडे आहे त्यांनीच मोटारी काढाव्यात. परदेशी जोडणीवाल्यांनी गाशा गुंडाळला. महिंद्रांनी १९५४ साली विलिसशी करार करून जीपचे भाग टप्प्याटप्प्याने इथेच बनवायला घेतले. हा निर्णय झाला त्या मंत्रिमंडळात अर्थखातं होतं चिंतामणराव देशमुखांकडे, म्हणजे रोह्याच्या देशमुखांकडे. आणि नेमक्या त्याच काळात पेण तालुक्यातल्या गागोद्याचा एक माणूस, विनायक नरहरी भावे, वाहन या गोष्टीलाच नकार देऊन देशभर पायी फिरत होता. विनोबांची भूदानयात्रा १९५१ साली पोचमपल्लीहून सुरू झाली होती. एका तालुक्याने जीप देशात रुजवणाऱ्या सरकारला अर्थमंत्री दिला, शेजारच्याने पाऊलवाट चालणारा दिला. दोघांची तुलना करण्याचा माझा इरादा नाही. पण भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मामा, विनोबांना धाटावची पहिली शिफ्ट नव्हती."

१९५२ च्या गांधीजयंतीला समाज विकास योजना सुरू झाली आणि जीप गावात आली ती सरकारी म्हणून, बीडीओची. तोवर घोड्यावरून फिरणारा अंमलदार आता काचेमागे बसला. जुन्या माणसांकडून मी ऐकलंय की थंडीत खळ्यावर जीप आली की पोरं मागे धावत आणि मोठी माणसं टोपी नीट करत. या जीपमध्ये साहेब पुढे बसे. ग्रामसेवक, शिपाई, दप्तर आणि कोंबडी मिळाली तर कोंबडी मागे. मागच्या बाकांची तोंडं एकमेकांकडे, पाठीला लोखंड, गुडघ्याला गुडघा. ऐंशी इंचांच्या आखूड गाडीत मागचा माणूस जवळपास मागच्या धुरीवरच बसतो. चाक बांधावर चढलं की तो हादरा थेट त्याच्या मणक्यात जातो आणि पुढच्या सीटवर त्यातला निम्माही पोचत नाही. कमानीचे पाटे पूर्ण भार गृहीत धरून घातलेले असतात, त्यामुळे गाडी भरली की ती नरम आणि रिकामी असली की दगड.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही.

१९९४ च्या डिसेंबरात माझी आई आमच्या गावी खळ्यावर घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. गाव खारपट्टीतलं. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत दीड कोस बांधाबांधाने वाट. एक भाड्याची जीप मिळाली, मागून लांबवलेली, दोन बाजूंना बाकं असलेली. दोन बाकांमध्ये फळी टाकून आईला निजवलं. मी पुढे बसलो, ड्रायव्हरला वाट दाखवायला. चोवीस वर्षांचा होतो, वाट दाखवणं महत्त्वाचं वाटलं. मागे थोरली ताई तिचं डोकं धरून बसली होती. दर बांधाला आईचा आवाज येई. मी म्हटलं, हळू घ्या. ड्रायव्हर म्हणाला, "हळूच घेतोय. मागे वजन नाही म्हणून उडते." माझ्या आईचं वजन तेव्हा चाळीस किलो असेल. आठ माणसांसाठी घातलेल्या पाट्यांना ती लागतच नव्हती.

ती बरी झाली, काठी घेऊन पुढे अकरा वर्षं चालली. एकदाच म्हणाली, "बैलगाडी सांगायची होती, पेंढा तरी घातला असतास."

तेव्हापासून मी कुठलीही गाडी पाहिली की आधी मागे बसून बघतो. लोक हसतात.

पुढचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून भरभर जातो. १९८५ साली महिंद्रांची पूजोच्या डिझेल इंजिनाची एमएम-५४० आली, त्याच वर्षाच्या अखेरीला मारुतीची जिप्सी आली. १९८६ साली रेल्वे रोह्यापर्यंत पोचली आणि स्टेशनपासून गावापर्यंत माणसं वाहणं हा धंदा झाला. मग कमांडर, पुण्याच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स, १९९४ साली टाटांची सुमो, २००० साली बोलेरो. आणि अर्थात मिनिडोर. तीन चाकांवर सहा माणसं कागदावर आणि प्रत्यक्षात किती ते विचारू नये. आमच्याकडच्या दोन पिढ्यांचा कॉलेजचा आणि बाजाराचा प्रवास तिने केला.

या भरधाव काळात एक गोष्ट गुपचूप घडली. चारही चाकांना ताकद देणारी रचना, जी जीपची ओळख होती, ती बहुसंख्य गाड्यांतून निघून गेली. कमांडर, ट्रॅक्स, बोलेरो दिसायला जीपच्या वळणाच्या, पण विकल्या गेल्या त्या बहुतेक मागच्याच दोन चाकांवर चालणाऱ्या. मालकांचा हिशेब सरळ होता. डांबरीवर माणसं वाहायची तर पुढच्या धुरीला ताकद कशाला, ती महागही पडते आणि डिझेलही खाते. वर्षातले तीनशे दिवस हा हिशेब बरोबर. उरलेल्या दिवसांत एक चाक ओल्या मातीत गेलं की साध्या डिफरन्शियलची सगळी ताकद त्या मोकळ्या फिरणाऱ्या चाकाकडे पळते आणि कोरड्यावरचं चाक नुसतं उभं राहतं. मग पेंढा घाला, गोणपाट घाला, ढकला. खरं तर चारही चाकांना ताकद असली तरी पुढचं एक आणि मागचं एक चाक असं सटकू शकतंच. त्यावर उपाय म्हणून हल्ली डिफरन्शियलला लॉक देतात किंवा फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावतात. भाच्याला हे कागदावर काढून दाखवलं. तक्त्यांत तो ज्या रकान्यावरून बोट फिरवत होता त्याचा अर्थ त्याला त्या दिवशी कळला.

२००२ च्या स्कॉर्पिओपासून पुढे ही वाहनं घरच्या गाड्या झाल्या. मागचा माणूस पहिल्यांदाच गिऱ्हाईक झाला. पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग आल्या, वातानुकूलन आलं, बाकं पुढे तोंड करून बसली. पण आराम वाढला तशी गाडी फुगली. युद्धातली जीप १५७५ मिलिमीटर रुंद, हे वर सांगितलं. बोलेरो १७४५. आजची थार अठराशेच्या वर, स्कॉर्पिओ-एन १९१७. पंचाहत्तर वर्षांत गाडी फूटभर रुंद झाली. जिप्सीचीच गोष्ट घ्या. ती फार अरुंद आणि डुलकी वाटते म्हणून १९९३ साली तिच्या चाकांमधलं अंतर नव्वद मिलिमीटरने वाढवावं लागलं. डांबरीवर रुंद गाडी स्थिर असते आणि मागे तीन माणसं मोकळी बसतात, हे खरंच आहे.

गाडीवाट मात्र रुंद झाली नाही. उलट आक्रसली. गावनकाशात पाहिलं तर गाडीमार्ग आणि पायमार्ग वेगळ्या तुटक रेघांनी दाखवलेले असतात. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात, पायमार्गाची सव्वाआठ. हा हिशेब बैलगाडीच्या काळचा, समोरून दुसरी गाडी आली तर बाजूला होता यावं असा. या वाटा अडवल्या तर मोकळ्या करून देण्याचा अधिकार मामलेदार न्यायालयांच्या १९०६ सालच्या कायद्याने तहसीलदाराला आहे, अडथळा आल्यापासून सहा महिन्यांत दावा केला तर. वाट मुळातच नसेल तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे, बांधावरून नवी वाट मागण्यासाठी. माझ्या दुकानात सर्वांत जास्त झेरॉक्स कशाच्या निघाल्या असतील तर या दोन दाव्यांच्या. भाऊबंदकीतली निम्मी भांडणं एका बांधाची असतात. दर वर्षी कुदळीचे दोन घाव आत सरकतात, आणि तीस वर्षांनी गाडीमार्गाची पाऊलवाट होते.

म्हणून मी भाच्याला म्हटलं, गाडी नंतर बघू, आधी टेप घे.

पौषात पोपटीचा बेत ठरला. वालाच्या शेंगा, कांदे, बटाटे, अंडी, भांबुर्डीचा पाला, सगळं मडक्यात भरून शेतावर लावायची. भाच्याच्या एका मित्राकडे पाच दारांची जिम्नी आहे, ती मागून घेतली. अंगाने लहान गाडी, रुंदी १६४५ मिलिमीटर, वजन बाराशे किलोच्या आसपास, म्हणजे आकाराने त्या जुन्या जीपच्या सगळ्यांत जवळची. पुढे-मागे अखंड धुरी, पण पाट्यांऐवजी कॉइल. लो गिअरही आहे. उणं म्हणाल तर चारच माणसांची, सामानाला जागा थोडी, पेट्रोलवर चालते, आणि महामार्गावर मोठ्या गाड्यांसारखी गादीवर बसल्याची भावना देत नाही. भाच्याचा कल थारकडे होता. तीन दारांच्या थारमध्ये मागे जायचं तर पुढची सीट वाकवून चढावं लागतं. ताईने शोरूममध्ये एकदा पाय उचलून पाहिला आणि खाली ठेवला. पाच दारांची रॉक्स २०२४ साली आली, तिचा प्रश्न चढण्याचा नाही, रुंदीचा.

ताई मागे बसली, मांडीवर रिकामं मडकं घेऊन. मी मुद्दाम तिच्या शेजारी बसलो. नागोठण्यापर्यंत खड्डे चुकवत गेलो, तिथून रोह्याच्या रस्त्याला, मग डांबर सोडून वालाच्या शेतांत. दवाने पाला ओला होता. दोन बांध सहज गेले. तिसऱ्याला भाच्याने गाडी तिरकी घेतली, एकेक चाक चढवून, आणि मडकं ताईच्या हातातच राहिलं. चौथ्याशी गाडी थांबली. भात कापल्यावर शेजाऱ्याने तिथे नवी मातीची पाळ घातली होती, वाटेच्या मधोमध म्हणावी अशी. मी उतरून टेप लावला. सव्वासहा फूट. नकाशात याच जागी साडेसोळा आहेत. जिम्नी आरसे मिटून गेली. स्कॉर्पिओ-एनला प्रश्नच नव्हता, आणि थारला अंग चोरून जावं लागलं असतं.

ताई काचेतून पाळीकडे बघत होती. म्हणाली, "इथून आमची गाडी जायची. पेंढ्याचा भारा दोन्हीकडे लोंबायचा तरी कुठे लागायचा नाही." मग थोड्या वेळाने, "आईला आणलं त्या दिवशी तू एकदा तरी मागे वळून बघायला हवं होतंस."

एकतीस वर्षांत ती हे पहिल्यांदा बोलली. मी काही उत्तर दिलं नाही. भाच्याने गाडी पुढे काढली.

पोपटी झकास झाली. भाच्याने अजून गाडी बुक केलेली नाही. त्याने आधी तहसीलदाराकडे त्या पाळीबद्दल दावा लावला, सहा महिन्यांच्या मुदतीच्या आत. नकाशाची प्रत मी काढून दिली. तारखा पडताहेत. पावसाळ्यात पंचनामा होणार नव्हता, आता भातं निघाल्यावर व्हायचा आहे. तोवर तो मित्राची जिम्नी आणि दुसऱ्या एकाची स्कॉर्पिओ आलटून पालटून मागून घेतो, आणि प्रत्येक वेळी ताईला मागे बसवून महामार्गावरून रोह्यापर्यंत नेऊन आणतो. कालच तिने स्कॉर्पिओला पसंती दिली. पाय पसरता येतात म्हणाली. वाट साडेसोळा फूट झाली तर तीच घेऊ, असं भाच्याने सांगितलंय. पंचनाम्याच्या दिवशी टेप घेऊन मलाही बोलावलंय.